ओल्या कचऱ्याची बादली आणि तुझी आक्का

सावेडी, नगर
मंगळवार, दुपारचे तीन

चि. सहादेव यास दाजींचे भरघोस आशीर्वाद, सौ. ज्योतीसही तेच, आणि उरलेले घरातल्या लहानांत वाटून द्यावेत.

तुझी कंबर कशी आहे? मागच्या वेळी तू कांद्याची गोणी एकट्याने उचललीस आणि नंतर तीन दिवस तुला उचलावं लागलं, असं ज्योतीने सांगितलं होतं. आता पन्नाशी झाली, जरा वयाकडे बघत जा. बोअरला पाणी टिकून आहे का? तूर काढली का? इकडे आम्ही तिघेही खुशाल आहोत. (पूर्वी आम्ही चौघे होतो. चौथी व्यक्ती गेले अकरा दिवस मिरजगावला तुझ्याच घरी मुक्कामाला आहे, तेव्हा तिची खुशाली तुलाच जास्त ठाऊक.) आता तू म्हणशील, दाजींकडे मोबाईल असताना पत्र कशाला? तर मी फोन केला की तू "थांबा दाजी, आक्काला देतो" म्हणतोस, आक्का फोन हातात घेते आणि बंद करून तुला परत देते. परवा तर माझा 'हॅलो' सुद्धा पुरा झाला नव्हता. पत्राचं तसं नाही. ते मधेच बंद करता येत नाही आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत जावंच लागतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आक्काला परत पाठव असं सांगण्यासाठी हे पत्र मुळीच नाही. ती स्वतःच्या मर्जीने गेली आहे, मर्जी झाली की येईल, मी कशाला मधे पडू? मला तुझा सल्ला हवा आहे तो फक्त बादलीबद्दल. पण बादली समजायची तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि त्यात आक्काचं नाव पुन्हा पुन्हा येईल, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या चंद्रलोक सोसायटीत दिवाळीनंतर मीटिंग झाली. सेक्रेटरी अमृतराव (हे बाराही महिने पळायच्या पँटमध्ये असतात, पण त्यांना पळताना अजून कोणी पाहिलेलं नाही) यांनी ठराव मांडला, की यापुढे ओला कचरा घंटागाडीत द्यायचा नाही, पार्किंगच्या मागे खड्डा करून त्याचं खत करायचं. प्रत्येक स्वयंपाकघरात एकाच नमुन्याची झाकणाची बादली असेल, ती रोज संध्याकाळी खड्ड्यात रिकामी होईल. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. मग प्रश्न आला, की बादली निवडायची कोणी? आणि चोवीस फ्लॅटच्या अठ्ठेचाळीस डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहादेव, मी कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. बॉयलरच्या पॅकिंगपासून गेस्ट हाऊसच्या चमच्यांपर्यंत एकही वस्तू माझ्या सहीशिवाय आत आली नाही की बाहेर गेली नाही. रिटायर झाल्यापासून चार वर्षांत मला कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. आमचा तुषार स्वतःचे कपडे निवडतो, सूनबाई मोनिका तुषारचेही निवडते, आणि भाजी आक्का निवडते. मी त्याच रात्री नवीन रजिस्टर आखलं.

आता मूळ परिस्थिती सांगतो. आमच्या घरात ओल्या कचऱ्यासाठी आक्काचं एक चेपलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. दिवसभरातली सालपटं, देठ, शिळ्या भाकरीचा तुकडा त्यात पडायचा, आणि चार वाजले की आक्का ते पातेलं पदराआड धरून सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर जायची. तिथे बनूबाईचा गोठा आहे. बनूबाई पाथर्डीकडची, ऊसतोडीला म्हणून घर सोडलं ते परत गेलीच नाही. दोन म्हशी आणि एक गाय पाळून आहे, आम्हाला दूधही तीच घालते. तर आक्काने ते पातेलं गायीपुढे रिकामं करायचं आणि परत यायचं, एवढंच काम. जायला चार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून चालून पाहिलं आहे. यायला चार. पातेलं पालथं करायला एक मिनिट धरू. आणि आक्का घरी परतायची पावणेसहाला! कारखान्यात एवढ्या वेळात आमची माणसं एक अख्खा ट्रक खाली करायची. मला वाटलं, बिचारीचा केवढा वेळ या पातेल्यापायी फुकट जातो. बादली आली की खड्डा पार्किंगमागेच, पाच मिनिटांत काम संपलं. रोजचा दीड तास मी तिला मोकळा करून देणार होतो. हे मी अगदी मनापासून तिच्यासाठी करत होतो, कुणी काहीही म्हणो.

बादली केवढी हवी हे ठरवायला आधी कचरा किती हे कळायला हवं. म्हणून मी पंधरा दिवस रोज चारच्या आधी ते पातेलं काट्याला लावून वजन रजिस्टरला घेतलं. (पातेल्याचं वजन वजा करून.) सरासरी सहाशे चाळीस ग्रॅम, मेथीच्या दिवशी नऊशेच्या पुढे. मोनिकाने माझा वजन करतानाचा फोटो काढून तिच्या बँकेतल्या मैत्रिणींना पाठवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आक्का मात्र दाराला टेकून दोन दिवस नुसती बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चाळीस वरसं झाली लग्नाला, माजं कवा वजन केलं का?" मी म्हटलं, तुझं वजन करून कुठली बादली ठरणार आहे? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. (आधीही कामापुरतंच बोलायची, पण आता कामं कमी झाली.)

पहिला नमुना आणला तो पायाने झाकण उघडणारा. दुकानात उत्तम चालला. घरात ओट्याखाली ठेवला तर झाकण वर ओट्याला आपटून निम्मंच उघडायचं, आणि त्या फटीतून कोबीचा दांडा आत घालणं म्हणजे पोस्टाच्या पेटीत उशी घालण्यासारखं होतं. शिवाय झाकण बंद होताना असा काही आवाज करायचं, की तुषारने दोनदा ती कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला. आम्ही दोन दिवस टचटचीत डाळ खाल्ली आणि नमुना परत केला. दुसरा नमुना मोनिकाने मोबाईलवरून मागवला. त्याच्या झाकणात वास धरून ठेवायला कोळशाची एक जाड कापडी चकती होती, आणि सोबत कचऱ्यावर भुरभुरायला कसल्याशा कोंड्याची पिशवी. मी माहितीपत्रक वाचून होईपर्यंत आक्काने ती चकती बाहेर काढून गरम तवा धरायला घेतली होती. ती त्या कामाला फारच चांगली निघाली, अजूनही वापरात आहे. कोंडा तिने गायीला नेला. गायीने हुंगून तोंड फिरवलं, असं तिने मला मुद्दाम येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी ती जरा हसली होती.

तिसरा नमुना मात्र मी स्वतः कापड बाजारामागच्या भांड्यांच्या गल्लीत अर्धा दिवस फिरून निवडला. स्टीलची, वर कडी, घट्ट झाकण, झाकणाला बारीक भोकं, धुवायला सोपी, पाच लिटरची. काय बादली होती! मी ती दिवसातून तीन वेळा घासायला लावायचो आणि प्रत्येक वेळी रजिस्टरला वेळ टाकायचो. नऊ दिवस चाचणी घेतली, वास नाही, चिलटं नाहीत. मग रविवारी सकाळी नऊ वाजता कमिटीला पाहणीसाठी बोलावलं. मी पहाटेच बादली लख्ख घासून, सुकावी म्हणून दाराबाहेर ठेवून अंघोळीला गेलो. आणि तेवढ्यात दूध घालायला बनूबाई आली. तिने दाराशी झाकणाचं नवं कोरं भांडं पाहिलं, दाजींनी दुधाला नवी किटली आणली असं समजून दोन लिटर दूध त्यात ओतलं आणि निघून गेली. एवढी लख्ख बादली मोनिकालाही ओळखू आली नाही, तिने ती नवी किटली म्हणूनच आत आणली. आक्का देवळात गेलेली. कमिटीची पाच माणसं आली, मोनिकाने आलं घालून चहा केला, आणि अमृतरावांनी दुसरा कप मागून घेतला. असं दूध आता नगरात कुठे राहिलंय, असंही म्हणाले. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, चला, बादली दाखवा.

मी स्वयंपाकघरात गेलो. बादली ओट्यावर होती आणि तिच्यात बोटभर दूध शिल्लक होतं. सहादेव, मी खोटं बोलू शकलो असतो. पण एकतीस वर्षं ऑडिटला सामोरा गेलेला माणूस आहे मी. मी बादली उचलून बैठकीत आणली आणि टीपॉयवर ठेवली. सगळ्यांनी आत पाहिलं. मग आपापल्या कपात पाहिलं. रिकाम्या कपातही माणूस किती वेळ बघू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. ही वापरलेली आहे का, असं कुणीतरी बारीक आवाजात विचारलं. मी म्हटलं, नऊ दिवस, पण सत्तावीस वेळा घासलेली आहे, रजिस्टर दाखवतो. रजिस्टर बघायला कोणी थांबलं नाही. अमृतराव कठडा धरून जिना उतरले. तरीही त्याच संध्याकाळी बादली एकमताने मंजूर झाल्याचं पत्र आलं, कारण दुसऱ्या पाहणीला यायची कुणाचीच तयारी नव्हती.

बादलीबरोबर नियमावलीही मीच लिहिली. तिच्यातलं चौथं कलम असं, की ओला कचरा सोसायटीच्या आवाराबाहेर नेता येणार नाही. (माल गेटबाहेर गेला की हिशेब लागत नाही, ही आमची कारखान्याची शिस्त.) म्हणजे आक्काचं चारचं जाणं बंद झालं. मी तिला तसं आनंदाने सांगितलंही, की आता दुपारची निवांत पड. तिने पातेलं घासून माळ्यावर ठेवलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या बादलीत कचरा पडायचाच बंद झाला! दुधीच्या सालींची चटणी झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी झाली. फ्लॉवरच्या पानांची भाजी, मेथीच्या देठांचं पिठलं, कोथिंबिरीच्या काड्यांचं वरण, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपीठं. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा, उरलेल्या कुस्कऱ्याच्या संध्याकाळी वड्या. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत. मी रोज संध्याकाळी झाकण उघडायचो आणि रजिस्टरला 'निरंक' लिहायचो. आठ दिवस निरंक! तुषार डबा न नेता कँटीनमध्ये जेवू लागला, मोनिकाला एकाएकी माहेरची आठवण येऊ लागली. मी आक्काला समजावून सांगितलं, की अगं, थोडं तरी टाक. ती म्हणाली, "अन्न हाय. टाकू कशापायी?" आणि वर अमृतरावांची नोटीस आली, की ज्यांनी बादली निवडली त्या ३०२ नंबरकडूनच खड्ड्यात काही येत नाही, सबब त्यांचा ओला कचरा नेमका जातो कुठे याचा खुलासा व्हावा.

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. समोरच्या फ्लॅटमध्ये रेश्मा म्हणून सून आहे, तिच्याकडे सत्यनारायण झाला होता. मी बादली घेऊन गेलो आणि वाटाण्याच्या शेंगा, पपईच्या साली, केळीची सालं अशी चार किलो मागून आणली. बादली माझ्या दारात ठेवून, जिन्यात कोणी बघत नाही ना हे पाहून, मी मान वर केली तर आक्का उभी. तिने झाकण उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माज्या घरचं खरकटं त्या मुक्या जिवाला द्यायचं न्हाई, आन् लोकांचं मागून घरात आणायचं. बरं हाय." एवढंच. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीने ती तुझ्याकडे आली. पुढचं तुला माहीत आहे.

ती गेल्यावर चार दिवस मोनिका स्वयंपाक करत होती आणि बादली धो धो भरत होती. खड्ड्याची पाळी माझ्यावर, आणि त्या खड्ड्यात आता एवढ्या अळ्या झाल्यात, की मी पार्किंगपर्यंत जाऊन परत आलो. मग चौथं कलम लिहिणाऱ्या माणसानेच ते मोडलं, आणि मी बादली घेऊन बनूबाईच्या गोठ्यावर गेलो. चार वाजले होते. गाय मला बघून उठली, बादली बघून पुन्हा बसली. मी कचरा पुढे ओतला. गोठ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, एका दगडावर घडी घातलेलं स्वच्छ गोणपाट होतं. मी थकलो होतो, तिथे बसायला गेलो तशी बनूबाई ओरडली, "दाजी, तितं नगा बसू! ती आक्काची जागा हाय." आणि मला दुसरीकडे एक डबडं पालथं घालून दिलं.

मी तिथे सव्वा तास बसलो, सहादेव. बनूबाई शेण काढता काढता आक्काचं सांगत होती. मिरजगावच्या विहिरीत तू लहानपणी पडलास आणि आक्काने तुला वर ओढलं, ते तिला ठाऊक. तुमच्या आईला शेवटी काय खावंसं वाटत होतं, ते ठाऊक. आक्काचा गुडघा रात्री दुखतो आणि ती कुणाला उठवत नाही, हेही तिला ठाऊक, आणि मला नाही. "आक्का लई बोलती," असं ती म्हणाली. मी विचारलं, आमची? ती म्हणाली, "व्हय, दुसरी कोन हाय?" आम्ही दोघे एका घरात राहतो आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा औषधाच्या वेळेची. नगरला आल्यापासून चार वर्षांत तिची अशी बसायची जागा एवढी एकच होती, आणि मी ती चौथ्या कलमात बंद करून टाकली, वर तिचा वेळ वाचवला म्हणून खूश होतो. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर लाज वाटली. तुझ्याशिवाय हे मी कोणाला लिहू शकत नाही, कारण तुषारला सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेईल.

असो. तर बादली ठेवावी की काढून टाकावी, एवढाच माझा प्रश्न आहे. विचार करून कळव, घाई नाही. तुझ्या कंबरेला जप, ज्योतीला तिखट कमी खायला सांग, आणि आमच्याबद्दल काळजी नसावी. आम्ही अगदी मजेत, वेळच्या वेळी जेवून आहोत.

तुझा,
रंगनाथदाजी

ता. क. – वर 'वेळच्या वेळी जेवून आहोत' लिहिलंय, ते तुषार आणि मोनिकाबद्दल समजावं. मी चौथं कलम काढून टाकायचा अर्ज आत्ताच अमृतरावांना देऊन आलो. त्यांनी वाचलासुद्धा नाही, बसल्या बसल्या सही केली. चहा विचारला, मी नको म्हटलं, त्यांनाही बरं वाटलं.

दुसरा ता. क. (बुधवार सकाळ) – पत्र टाकायला निघालो तोवर बनूबाई दारात. पहाटे गाय व्याली, कालवड झाली. पहिला चीक तिने आक्कासाठी काढून ठेवलाय, तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही म्हणते. आता चीक काही पाकिटात घालून पाठवता येत नाही. (बरणी बनूबाईची आहे. ती बादली नाही, घाबरू नकोस.)

तिसरा ता. क. – अक्षर बिघडलंय, कारण हे मी मिरजगावच्या स्टँडवर, बन्सीच्या हॉटेलात बसून लिहितोय आणि त्याचं टेबल डुगडुगतं. बाराला उतरलो, तेव्हापासून इथेच आहे. तीन चहा झाले. तुझं घर इथून दिसतं. मघाशी ज्योती वाळवण उचलायला गच्चीवर आली होती, मी पेपर तोंडापुढे धरला. मी दारात आलो आणि आक्का आतून बाहेर आलीच नाही, तर मला ते सोसायचं नाही, म्हणून पत्र पुढे पाठवतोय. बन्सी स्वतः घेऊन येतो म्हणालाय. तू हे मनात वाचू नकोस. ती चुलीपाशी असेल तेव्हा मोठ्याने वाच, वजनाचं आणि गुडघ्याचं सावकाश वाच. वाचून झालं की तू येऊ नकोस, तू मला पाहुणा करून जेवायला बसवशील. तिलाच पाठव. चीक उन्हाने फाटेल म्हण, काहीही म्हण. ज्या गाडीने मी आलो ती करमाळ्याहून फिरून साडेपाचला परत नगरला जाते. कंडक्टरने विचारलं, परतीला किती माणसं. मी त्याला दोन सांगून बसलोय.